आधी मुक्काम, मग किलोमीटर: तापीकाठची सात दिवसांची सायकलसफर

आठवडाभराच्या सायकलसफरीचा बेत बहुतेक वेळा एका आकड्यापासून सुरू होतो. दिवसाला किती किलोमीटर? साठ, ऐंशी की शंभर? आकडा ठरला की त्याला सातने गुणायचे, तेवढ्या लांबीचा रस्ता नकाशावर शोधायचा आणि जिथे संध्याकाळ होईल तिथे रात्र काढायची. ही रीत उलटी आहे, असे माझे ठाम मत आहे. सफरीचे नियोजन मुक्कामापासून सुरू झाले पाहिजे. कोणत्या गावी थांबायचे, तिथे दुपार आणि संध्याकाळ कशात घालवायची, हे आधी ठरवावे. दोन मुक्कामांमधले अंतर मग आपोआप ठरते. हे म्हणणे पारखून पाहायला महाराष्ट्रात नंदुरबार जिल्ह्यातल्या तापीकाठाइतकी योग्य जागा दुसरी नाही. सपाट मुलूख, एका पुरातन व्यापारी वाटेवर वसलेली जुनी गावे, बाजूने धावणारी रेल्वे आणि हिवाळ्यातली निरभ्र हवा एवढे सगळे इथे एकत्र मिळते. तरीही पर्यटनाच्या गप्पांमध्ये या भागाचे नाव क्वचितच निघते. सातपुड्यातल्या तोरणमाळपर्यंत जाणारे लोक वाटेतल्या खोऱ्याकडे गाडीच्या काचेतून पाहतात आणि पुढे जातात.

नंदुरबार म्हटले की डोंगर डोळ्यांसमोर येतात, आणि ते चूक नाही. अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके सातपुड्याच्या कुशीत आहेत. तोरणमाळचे पठार समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच आहे आणि अस्तंब्याचे शिखर त्याहूनही वर जाते. पण जिल्ह्याचा मधला भाग वेगळा आहे. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईजवळ उगम पावणारी तापी सुमारे ७२४ किलोमीटर वाहत जाऊन खंभातच्या आखातात मिळते. देशातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहत असताना ही नदी पश्चिमेची वाट धरते, कारण उत्तरेकडचा सातपुडा आणि दक्षिणेकडच्या डोंगररांगा यांच्या मधल्या खचदरीतून तिचा मार्ग जातो. या दरीत हजारो वर्षे साचलेल्या गाळाने खानदेशाची काळी, खोल, सपाट जमीन तयार झाली. नंदुरबार, तळोदा आणि शहादा तालुक्यांतला नदीलगतचा पट्टा याच जमिनीचा आहे. इथे सायकलवाल्याला घाट लागत नाही. चढ लागलाच तर ओढ्यावरच्या किंवा नदीवरच्या पुलाचा. रोजच्या वापरातली साधी सायकल घेऊन आयुष्यातली पहिली आठवड्याची सफर करू पाहणाऱ्या माणसाला यापेक्षा सोयीची भूमी क्वचितच मिळेल.

सपाट जमीन हे अर्धेच कारण झाले. दुसरे कारण इतिहासाचे आहे. समुद्राकडून, म्हणजे सुरत-खंभातकडून, दख्खन आणि उत्तर हिंदुस्थानकडे जाणारा माल शतकानुशतके याच खोऱ्यातून गेला. चौदाव्या शतकात प्रवासी इब्न बतूता दौलताबादहून खंभातकडे जाताना नंदुरबारला आला आणि इथल्या मराठ्यांच्या कारागिरीचे कौतुक त्याने लिहून ठेवले. सतराव्या शतकातला फ्रेंच रत्नव्यापारी ताव्हेर्निये याने सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणाऱ्या वाटेवरचे मुक्काम ओळीने नोंदवले आहेत. त्यात नवापूर आहे, नंदुरबार आहे, शिंदखेडा आहे, थाळनेर आहे आणि चोपडाही आहे. नवापूरच्या बारीक, सुवासिक तांदळाची त्याने केलेली तारीफ आजही वाचण्यासारखी आहे. इंग्रजांनी १६६६ च्या सुमारास नंदुरबारला वखार घातली, यावरून त्या काळच्या या बाजारपेठेचे वजन कळते. पुढे वाहतुकीची साधने बदलली, पण वाट बदलली नाही. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरत ते अमळनेर ताप्ती व्हॅली रेल्वे झाली, ती याच खोऱ्यातून. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर ही त्या मार्गावरची स्थानके पाहिली, तर जुन्या वाटेचा मोठा भाग डोळ्यांसमोर उभा राहतो.

ताव्हेर्नियेच्या यादीत लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की ती मुक्कामांची यादी आहे. तांड्याला रोज पाणी, चारा, धान्य आणि सुरक्षित रात्र लागे. बैलगाडी तासाला तीन-चार किलोमीटर चालते; दिवसात पाच-सहा तासांची चाल धरली तर एक मजल वीस किलोमीटरच्या आसपास भरते. आता आजच्या तापीकाठच्या गावांमधली अंतरे पाहा. नंदुरबार ते प्रकाशा सुमारे पंचवीस किलोमीटर, प्रकाशा ते शहादा पंधराच्या आसपास, शहादा ते सारंगखेडा सतरा-अठरा, सारंगखेडा ते दोंडाईचा पंधरा, दोंडाईचा ते शिंदखेडा पुन्हा पंचवीसच्या घरात. बाजारपेठा एकमेकींपासून बैलाच्या एका मजलेवर वसल्या, हा योगायोग मानणे कठीण आहे. शेतकऱ्याने माल घेऊन जावे, विकावा आणि दिवेलागणीच्या आत कुठेतरी टेकावे, या गरजेतून ही रचना घडली असावी. सायकलस्वाराला तिचा थेट फायदा होतो. सामान लादलेली सायकल सपाटीवर सहज तासाला बारा ते पंधरा किलोमीटर जाते. म्हणजे बैलाच्या दोन मजला सायकलला एका सकाळचे काम आहे, आणि वाटेत नेमक्या निम्म्यावर चहा, पाणी, पंक्चरवाला आणि दवाखाना असलेले गाव येते. दुपार आणि संध्याकाळ मुक्कामाच्या गावासाठी मोकळी राहते.

हा विचार केवळ खानदेशापुरता नाही. जगातल्या सर्वांत लोकप्रिय सायकलमार्गांपैकी एक डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियाच्या व्हिएन्नापर्यंत जातो. तीनशेहून अधिक किलोमीटरचा हा मार्ग बहुतेक लोक आठवड्याभरात पुरा करतात. तोही सपाट आहे, तोही नदीचा आहे, आणि त्याचा मोठा भाग ज्या पायवाटांवरून जातो त्या एके काळी प्रवाहाविरुद्ध नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेल्या होत्या. व्यापार संपला, वाट उरली आणि काठावरची जुनी गावे सायकलस्वारांचे मुक्काम झाली. तिथे स्वतंत्र सायकलमार्ग आहे आणि दिशादर्शक पाट्या आहेत, इथे त्यातले काही नाही, हा फरक खराच. पण पाट्या नंतर लागल्या. आधी नदी, सपाटी आणि पायरीपायरीने वसलेली गावे होती. आपल्याकडे या तिन्ही गोष्टी आहेत.

सात दिवसांची आखणी माझ्या मते अशी असावी. पहिला दिवस रेल्वेने नंदुरबारला पोहोचण्याचा आणि शहर पाहण्याचा. गुजरातकडून येणाऱ्याला नवापूर गाडीतूनच भेटते. त्या स्थानकाच्या फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत आहे. नवापूरपासूनच सायकल सुरू करावी असा मोह होईल, पण तिथून नंदुरबार साठ किलोमीटरच्या घरात आहे आणि रस्ता थोडा चढउताराचा आहे. शरीर सरावलेले नसताना पहिल्याच दिवशी एवढी मजल मारू नये. नंदुरबारात माणिक चौकातल्या हुतात्मा स्मारकापाशी वेळ द्यावा. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर इथे गोळीबार झाला आणि शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा हे कोवळे विद्यार्थी हुतात्मा झाले. शिरीषकुमार तेव्हा सोळा वर्षांचाही झालेला नव्हता. हिवाळ्यात शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात. नंदुरबार ही राज्यातली मिरचीची मोठी बाजारपेठ आहे आणि वाळत घातलेल्या लाल मिरचीने मैदानेच्या मैदाने झाकली जातात. ते दृश्य पाहावेच, पण तोंडावर रुमाल बांधून. मिरचीच्या खकाण्याने बेजार झालेला घसा पुढच्या दिवशी सायकलवर त्रास देतो.

दुसऱ्या दिवशी हातोड्याच्या पुलावरून तापी ओलांडून तळोदा, सुमारे तीस किलोमीटर. गुजरातेतल्या उकाई धरणाचा फुगवटा नंदुरबार जिल्ह्यात शिरलेला आहे, त्यामुळे या बाजूला नदीचे रूप रुंद आणि संथ दिसते. तळोदा हे बारगळ जहागीरदारांचे गाव. इथून सातपुड्याची रांग अगदी समोर येते. दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेला निघालेले भाविक याच गावातून डोंगराकडे वळतात. तिसऱ्या दिवशी तळोद्याहून प्रकाशामार्गे शहादा, पस्तीस ते चाळीस किलोमीटर, आणि हा या सफरीचा सर्वांत श्रीमंत दिवस. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरच्या प्रकाशाला भाविक दक्षिण काशी मानतात. केदारेश्वर, संगमेश्वर, पुष्पदंतेश्वर ही इथली देवळे, आणि गुरू सिंह राशीत आला की बारा वर्षांनी गौतमेश्वराची यात्रा भरते. पण प्रकाशाचे मोल देवळांच्याही आधीचे आहे. १९५५ साली पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी इथल्या टेकाडाचे उत्खनन केले, तेव्हा खालच्या थरांत ताम्रपाषाण काळातल्या वस्तीचे अवशेष सापडले आणि वरच्या थरांत लोहयुगापासून मध्ययुगापर्यंतच्या वसाहती. म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वीही माणसे या संगमावर राहत होती. गाडीने आलेला माणूस देवदर्शन करून अर्ध्या तासात निघतो. सकाळी नऊला सायकलवरून पोहोचलेल्याला घाटावर बसून नदी, टेकाड आणि गाव यांचा एकमेकांशी असलेला संबंध पाहायला सवड असते.

चौथा दिवस शहाद्यातच काढावा. सवय नसलेल्या शरीराला तिसऱ्या-चौथ्या दिवशी बैठकीचा आणि गुडघ्यांचा त्रास सर्वाधिक जाणवतो, म्हणून विश्रांतीचा दिवस शेवटी ठेवण्यापेक्षा मध्ये ठेवणे शहाणपणाचे. शहादा हा ऊस, केळी, पपई आणि कापसाचा सधन टापू. याच टापूत १९७० च्या दशकात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीन आदिवासी शेतमजुरांनी जमीन आणि मजुरीसाठी मोठा लढा दिला. बागायतीचे हिरवे शेत आणि त्या शेतात राबणाऱ्या माणसाचा इतिहास दोन्ही माहीत असले, तरच हा मुलूख नीट वाचता येतो. शहादा तालुक्यातल्याच टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातल्या पहिल्या आधार क्रमांकांचे वाटप झाले. रिकाम्या सायकलीने सकाळी तिकडे फेरी मारता येईल. ज्यांना डोंगर पाहायचाच आहे त्यांनी सायकल लॉजवर ठेवून एसटीने किंवा जीपने तोरणमाळला जाऊन यावे. पाचव्या दिवशी सारंगखेडामार्गे दोंडाईचा, सुमारे पस्तीस किलोमीटर. सारंगखेड्याचा एकमुखी दत्त आणि मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, सुरू होणारी घोड्यांची यात्रा प्रसिद्ध आहे. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेशापासून घोडे विक्रीला येतात. या यात्रेबाबत आधीच निर्णय करावा. यात्रा पाहायची असेल तर तिच्याभोवती सगळा आठवडा बेतावा आणि राहण्याची सोय महिनाभर आधी करावी. पाहायची नसेल तर ते दिवस टाळावेत, कारण रस्ते आणि लॉज दोन्ही भरलेले असतात.

सहाव्या दिवशी दोंडाईचाहून शिंदखेडा, पंचवीस किलोमीटरच्या आसपास. मुद्दाम लहान ठेवलेला हा टप्पा, कारण सातव्या दिवशी शिंदखेड्याहून बेटावदमार्गे अमळनेरपर्यंत पन्नासच्या घरात अंतर आहे. तोवर शरीर सरावलेले असते, आणि थकवा आलाच तर या टप्प्यात रेल्वे फार दूर जात नाही. वाटेत थोडे वळून मुडावदजवळ तापी-पांझरा संगमावरचे कपिलेश्वर पाहता येते. अमळनेर हे शेवट करायला योग्य गाव आहे. साने गुरुजी इथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि १९३० साली स्वातंत्र्यलढ्यात उडी घेण्यासाठी त्यांनी ही नोकरी सोडली. १९१६ साली उद्योगपती प्रतापशेठांच्या पाठबळावर तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी उभी राहिलेली तत्त्वज्ञान मंदिर ही संस्था इथलीच. पुढे विप्रो नावाने जगभर गेलेला उद्योग १९४५ साली याच गावात वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाला. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०२४ साली इथे भरले होते. रात्र अमळनेरात काढून दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पकडावी. ज्यांच्याकडे आणखी तीन-चार दिवस आहेत त्यांनी शिंदखेड्याहून उत्तरेला शिरपूर, खानदेशावर राज्य केलेल्या फारुकी घराण्याची आरंभीची राजधानी असलेले थाळनेर, चोपडा, रावेर असे करत बऱ्हाणपूर गाठावे. ताव्हेर्नियेची वाट तेव्हा बरीचशी पुरी होते.

आता आक्षेप. पहिला आक्षेप हवामानाचा. खानदेशातला उन्हाळा पारा चाळिशीच्या बराच वर नेणारा आहे, तिथे सायकल कोण चालवणार? मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत कोणीही चालवू नये, आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकात आणि मडगार्डात असा बसतो की चाक फिरतच नाही. पण नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे तीन महिने इथे अत्यंत सुखाचे आहेत. पहाटे चांगली थंडी, सकाळभर कोवळे ऊन. जिल्हा राज्याच्या वायव्य टोकाला असल्याने डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो, हे वेळापत्रक करताना ध्यानात ठेवावे. सव्वासातला निघालेला माणूस दोन चहा घेऊनही अकरा-साडेअकराला पस्तीस किलोमीटर पुरे करतो, म्हणजे दुपारचे ऊन आणि वाढलेला वारा या दोन्हींच्या आधी तो मुक्कामी असतो. उन्हाचा आक्षेप खरे तर दिवसाला शंभर किलोमीटरचा आकडा धरणाऱ्यालाच लागू पडतो.

दुसरा आक्षेप रस्त्यांचा आणि तो सर्वांत गंभीर आहे. सुरत-धुळे राष्ट्रीय महामार्ग आणि सातपुड्याच्या पायथ्याने जाणारा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता या दोहोंवर अवजड वाहतूक चालते. तळोदा-प्रकाशा-शहादा हा टप्पा दुसऱ्या रस्त्याचाच भाग आहे. शिवाय गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि अनेकींना मागे दिवा नसतो. यावर उपाय तीन. महामार्गाचा टप्पा सकाळच्या पहिल्या दोन तासांत उरकावा. जिथे गावांना जोडणारा समांतर रस्ता आहे तिथे तो घ्यावा, थोडा लांब पडला तरी. कापसाच्या वेचणीतून, पपईच्या बागांमधून जाणारे हे रस्ते सफरीचा खरा आनंद देतात. आणि अंधार पडल्यावर सायकल चालवायचीच नाही, हा नियम कोणत्याही कारणाने मोडू नये. मुक्काम जवळ असेल तर तो मोडण्याची वेळच येत नाही. पुलांकडेही लक्ष हवे. तापीवरचे पूल मोजके आहेत. एक बंद असला तर वळसा चाळीस-पन्नास किलोमीटरचा पडू शकतो. आदल्या संध्याकाळी एसटी स्थानकात पुढच्या पुलाची चौकशी करणे दहा मिनिटांचे काम आहे.

सायकलबद्दल फार बोलण्याचे कारण नाही. सपाट मुलखाला महागडी सायकल लागत नाही. उंची आपल्या मापाची, ब्रेक पक्के, टायर फार अरुंद नसलेले, एवढे पुरे. मात्र बाभळीचे काटे या भागात सर्वत्र आहेत. पंपाशिवाय, दोन जादा ट्यूबांशिवाय आणि स्वतः पंक्चर काढण्याच्या सरावाशिवाय निघू नये. सामान पाठीवर न घेता मागच्या कॅरियरला दोन्ही बाजूंनी बांधावे. तीन लिटर पाणी, मागचा लाल दिवा, चमकणारी पट्टी आणि हेल्मेट हे अपरिहार्य. सायकल रेल्वेने न्यायची तर ती सामान म्हणून नोंदवून मालडब्यात टाकावी लागते. लहान स्थानकांवर गाडी जेमतेम दोन मिनिटे थांबते, म्हणून चढवण्या-उतरवण्यासाठी नंदुरबार किंवा अमळनेरसारखे मोठे स्थानक निवडावे आणि नोंदणी कार्यालयात आदल्या दिवशीच चौकशी करावी. घडीची सायकल असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

तिसरा आक्षेप राहण्या-खाण्याचा. इथे पर्यटकांसाठी बांधलेली हॉटेले फारशी नाहीत, हे खरे. पण तालुक्याच्या आणि बाजारपेठेच्या गावांत लॉज असतात, तीर्थक्षेत्री धर्मशाळा असतात आणि शासकीय विश्रामगृहे आधी परवानगी घेतल्यास मिळू शकतात. प्रत्येक मुक्कामासाठी एक पक्की आणि एक पर्यायी जागा फोन करून ठरवावी. महिला सायकलस्वारांनी, विशेषतः दोघी-तिघीच असल्यास, खोली आणि स्वच्छतागृहाची खात्री आधीच करून घ्यावी. मुक्काम ठरवून निघण्याचा हा आणखी एक लाभ: संध्याकाळी अनोळखी गावात जागा शोधत फिरावे लागत नाही. खाण्याची तर चिंताच नको. हिवाळा हा खानदेशात वांग्याच्या भरताचा हंगाम. कळण्याची भाकरी, ठेचा, शेवभाजी, वरण-बट्टी हे इथले रोजचे अन्न आणि कष्ट केलेल्या शरीराला ते मानवते. तिखटाची सवय नसेल तर जेवण मांडण्याआधी सांगावे.

चौथा आक्षेप अनुभवी सायकलपटूंचा. ही सगळी सफर मिळून साधारण एकशे ऐंशी किलोमीटरची आहे. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांत पुरी करावी लागते. मग एवढ्याशा अंतराला आठवडा कशाला? प्रश्न रास्त आहे, पण तो वेगळ्या खेळाचा आहे. ब्रेव्हेत माणूस स्वतःची ताकद पाहायला निघतो आणि तिथे गाव म्हणजे शिक्का मारून घेण्याचे ठिकाण. सफरीत माणूस मुलूख पाहायला निघतो. नंदुरबार ते अमळनेर एका दिवसात कापणाऱ्याच्या वाट्याला प्रकाशाचे टेकाड, माणिक चौक आणि तत्त्वज्ञान मंदिर यांतले काहीच येणार नाही. शिवाय ही आखणी चाळिशी-पन्नाशीतल्या, नोकरी करणाऱ्या, कधी मोठी सफर न केलेल्या वाचकासाठी आहे. पहिल्या सफरीत जेरीस आलेला माणूस दुसरी करत नाही. ज्यांच्यात अधिक ताकद आहे त्यांनी रोजच्या मुक्कामाहून दुपारी रिकाम्या सायकलीने वीस किलोमीटरची आसपासची फेरी करावी. मुक्काम तेच ठेवून अंतर वाढवता येते. मुक्काम गाळून वाढवलेले अंतर मात्र सफरीला पोकळ करते.

शेवटचा आक्षेप नैतिक आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नंदुरबारची बहुसंख्य लोकसंख्या आदिवासी आहे. केंद्र सरकारने विकासात मागे राहिलेले म्हणून निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत हा जिल्हा आहे. कुपोषण आणि रोजगारासाठीचे स्थलांतर हे इथले जुने, न सुटलेले प्रश्न आहेत. अशा ठिकाणी शहरातल्या माणसाने मौजेसाठी सायकल फिरवणे योग्य आहे का? माझे उत्तर असे की ते जाणाऱ्याच्या वागण्यावर अवलंबून आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी माणसे ही पाहण्याची वस्तू नव्हेत. विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढू नये, पाड्यात परवानगीशिवाय शिरू नये, मुलांना खाऊ आणि पैसे वाटत फिरू नये. खर्च गावातल्या खानावळीत, लॉजवर, पंक्चरवाल्याकडे करावा. कानावर अहिराणी, गुजरी, भिली पडेल; समजली नाही तर आदराने पुन्हा विचारावे. सायकलचा गुण असा की ती माणसाला रस्त्यावरच्या इतर माणसांच्या बरोबरीला आणते. शाळेत आणि शेतात जाणारे अनेक जण तिच्यावरच असतात, त्यामुळे बोलणे सहज सुरू होते. राज्याच्या एका टोकाला असलेल्या आणि बातम्यांत केवळ वाईट कारणांनी येणाऱ्या जिल्ह्याला असे सात दिवस देणे हे त्याला समजून घेण्याचे पहिले पाऊल ठरू शकते.

यासाठी सरकारी योजनेची वाट पाहण्याची गरज नाही, तरी थोडे प्रयत्न झाले तर हा मार्ग पुष्कळांचा होईल. प्रकाशाच्या टेकाडाची माहिती देणारा एक नेटका फलक, प्रत्येक मुक्कामाच्या गावी सायकल सुरक्षित ठेवण्याची जागा, समांतर ग्रामीण रस्त्यांचा एक छापील नकाशा, एवढे काम नगरपालिका, महाविद्यालये आणि गावोगावचे सायकलप्रेमी मिळून करू शकतात. वाचकाने तोवर आपल्यापुरता आरंभ करावा. नकाशा उघडा, तापीचा काठ शोधा आणि किलोमीटर मोजण्याआधी सात रात्री कोणत्या सात गावांत घालवायच्या ते लिहून काढा. शहाद्याच्या दोन रात्री धरल्या तर गावे सहाच होतील, तरी हरकत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला एक आठवडा काढा, सायकलची दुरुस्ती महिनाभर आधी करा, रोज वीस किलोमीटरचा सराव ठेवा आणि नंदुरबारचे तिकीट काढा.